रागीच्या शेतातली नीलू

हसणार असाल तर कॉफीचा पेला आधी खाली ठेवा. मागे एकदा हे सांगताना एकाच्या नाकातून कॉफी आली होती आणि डाग माझ्या धोतरावर पडले.

मी म्हैसूरला मेटगळ्ळीच्या कारखान्यात आयुष्यभर तपासणीचं काम केलं. लोखंडाच्या तुकड्यात केसाएवढा फरक असला तरी मी तो बाजूला काढायचो. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आमच्या अनूला, म्हणजे लेकीला, बेडकांचं वेड. तेही साधे बेडूक नाहीत, डार्ट फ्रॉग. अंगठ्याएवढे, आकाशासारखे निळे, वर काळे ठिपके. बेंगळूरूच्या एका हौशी माणसाकडून रीतसर कागदपत्रांसकट जोडी आणली. मोठी ती नीलू, आणि सदा पानाखाली दडून बसणारा तो मणी. हॉलमध्ये त्यांचं काचेचं घर मांडलं. आत शेवाळ, नेचे, वाळकी पानं, एक काळा दगड.

माझी बायको दारातच थांबली. "विषारी असतात म्हणे हे?"

"जंगलातले, अम्मा. तिथं ते खातात त्या किड्यांमुळं होतात तसे. हे घरात जन्मले, फळमाश्यांवर वाढले. विष कुठून येणार?"

"म्हणजे आता घरात माश्याही पाळायच्या? अय्यो देवा."

पाळल्या. बाटलीत, उडता न येणाऱ्या.

मग अनूला बेंगळूरूला नोकरी लागली आणि राहायला जागा मिळेपर्यंत बेडूक इथंच ठेवायचे ठरले. कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न होता. ती आईकडं बघत होती. कारण मी जरा, काय म्हणतात, हरवतो. गॅसवर दूध ठेवतो आणि खिडकीतून चामुंडी डोंगरावरचं धुकं बघत बसतो. पण मी हट्टच धरला. लेकीनं एकदा तरी माझ्यावर काही सोपवावं, असं मला फार वाटत होतं.

"बरं अप्पा, तुमच्यावर सोडते," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचं. माश्या सोडायच्या. आणि हात अजिबात लावायचा नाही, कातडी फार नाजूक असते त्यांची."

किती सुखाचे दिवस होते ते, सांगता येत नाही. सकाळी फवारा मारला की आत धुकं भरायचं. नेच्यांच्या टोकांवर थेंब लोंबायचे. काचेला कान लावला तर मणीची भुंग्यासारखी बारीक गुणगुण ऐकू यायची. त्या धुक्यातून नीलू सावकाश दगडावर यायची, आणि मी तिला विचारायचो, "काय नीलू, ऊटा आयता?" जेवलीस का, हे विचारल्याशिवाय आमच्या म्हैसूरात कुणाशी बोलणं सुरूच होत नाही. मग तिच्यासमोर बसून मला वाटायचं, आपणही एवढेसे असतो तर त्या नेच्याखाली एक खुर्ची टाकली असती.

अशात दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला घरोघर गोंबे मांडतात. पायऱ्यांवर राजा-राणी, देव, वाण्याचं दुकान, सगळ्या बाहुल्या. खाली ताटात रागी पेरतात, तुम्ही नाचणी म्हणता ती. ती हिरवीगार उगवली की तिचं शेत, आरशाचं तळं, काठाला झोपडी, जनावरं. माझी बायको, म्हणजे ही, नंजनगूडची. तिच्या माहेरचे मातीचे गोंबे पेटीतून निघाले की आठवडाभर घरात दुसरा विषय नसतो.

तर ही हॉलमध्येच गोंबे काढतेय, मी फवारा मारतोय, काचेचं दार उघडं. हिनं माझ्या हातात मातीचा बेडूक दिला. तिच्या अण्णानं लहानपणी कृष्णाच्या बाहुलीचा उरलेला निळा रंग फासून त्यावर काजळाचे ठिपके दिले होते.

"हा तळ्याकाठी ठेवा."

"हूं," मी म्हटलं. आत नुकतं धुकं भरलं होतं. कोवळं ऊन त्यातून तिरकं येत होतं, आणि मी तिथं नव्हतोच.

"ठेवलात?"

"ठेवला," मी म्हटलं आणि दार लावलं.

त्या दिवसापासून नीलू शांत झाली.

"ध्यानाला बसल्यासारखी बसते गं दगडावर," मी अनूला फोनवर सांगितलं.

"खाते का?"

"माश्या तर संपतात." मणी पानाखालून काय करतो, हे मला कसं दिसणार?

दोन-तीन दिवसांनी तिचे ठिपके पुसट दिसायला लागले. मी चष्मा पुसला, काच पुसली. ठिपके पुसटच.

"ठिपके पुसट होत नसतात, अप्पा," अनूचा आवाज बदलला. "फोटो पाठवा."

पाठवला. धुकटलेल्या काचेमागं एक निळा डाग. तिलाही काही कळेना.

"पाणी कमी पडत असेल का?"

मी फवारे वाढवले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तसतसा तिचा निळा रंगही उतरायला लागला. दगडावरून निळं पाणी ओघळून शेवाळात जिरत होतं. लेकीनं पहिल्यांदा काही विश्वासानं दिलं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होतं. मी आणखी पाणी मारलं.

इकडं हिचं वेगळंच. "माझ्या गोंब्यांना हात लावू नका म्हटलं ना? बेडूक काल तळ्याकाठी होता, आज झोपडीपाशी कसा?"

"मी नाही लावला."

"मग काय चालत गेला?"

मी वाद घातला नाही. एक जीव जातोय आणि हिला मातीचा बेडूक कुठं बसलाय त्याची पडली आहे, असं मनात आलं. वाईटही वाटलं जरा.

संध्याकाळी शेजारच्या पद्मम्मा गोंबे बघायला आल्या. "निम्म कप्पे तुंबा चेन्नागिदे, री," म्हणाल्या. तुमचा बेडूक फार छान आहे. त्या रागीकडं बघत होत्या हे मी पाहिलंच नाही. मला वाटलं, नीलूबद्दलच बोलल्या. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "होता हो, होता."

रात्रभर विचार करून सकाळी अनूला फोन केला. "ये बाई. शेवटचं बघून जा."

ती दुपारच्या गाडीनं आली. स्टेशनवरून थेट, डोळे सुजलेले. बॅगही न ठेवता हात धुतले, ओल्या हातांनीच दार उघडलं आणि नीलूला अलगद तळहातावर घेतलं.

तिनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"अप्पा," मग म्हणाली, "ही नीलू?"

तळहातावर तांबूस मातीचा बेडूक होता. बोटांच्या फटीतून थोडा कृष्णाचा रंग गळत होता.

तेवढ्यात ही कुंकवाची तबकडी घेऊन बाहेर आली. "अग्गं, हा तर माझा बेडूक. तिथं काय करतोय?"

"अम्मा, मग तुझ्या रागीत कोण आहे?"

आम्ही तिघं वळलो. आरशाच्या तळ्याकाठी, ओल्या हिरव्या रागीत, नैवेद्याच्या केळ्यांना टेकून नीलू बसली होती. चांगली गुटगुटीत. त्या सकाळी उघड्या दारातून निसटली असणार. दोन वेळा हिनं रागीवर शिंपडलेलं पाणी आणि केळ्यांवरच्या माश्या, आणखी काय हवं होतं तिला? आमच्यादेखत तिनं जीभ काढली, एक माशी उचलली आणि डोळे मिटले.

"म्हणजे रोज मी हिलाच आरती ओवाळली?" ही म्हणाली आणि मटकन खाली बसली.

अनू आधी रडली, मग इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी मात्र रागीकडंच बघत होतो. केसाएवढा फरक पकडणारा माणूस मी.

परत जाताना तिनं काचेच्या घराची किल्ली आईच्या हातात दिली. माझ्या हातात तो मातीचा बेडूक ठेवला. "अप्पा, हा तुमच्यावर सोडते. पाणी मारू नका म्हणजे झालं."

नाही मारत. माझ्या खुर्चीजवळच्या खिडकीत ठेवलाय. डोंगरावर धुकं आलं की तोही बघतो, मीही बघतो. हॉलमध्ये कुणी नसलं तर सवयीनं विचारतोही, ऊटा आयता?

परवा विचारलं, तर उत्तर आलं, "आयतु." झालं म्हणे.

आता ही स्वयंपाकघरातून बोलली होती, हे मला कळलं. कळलं, नाही असं नाही. पण तोवर अनूला फोन लावून झाला होता.