मारामारीचा शर्ट

अनगोळात माझं शिलाईचं दुकान आहे, आणि बेळगावात पोलिसांच्या रावडी शीटवर, म्हणजे गुंडांच्या यादीत, असा एकही माणूस नाही, ज्याच्या छातीला माझी टेप लागली नाही. थोडं वाढवून सांगतोय, दोघं सुटले असतील. ते रेडिमेड घालायचे. दोघंही आज हातपाय मोडून घरी बसलेत, म्हणजे काय ते समजा.

मारणाऱ्या माणसाला तुझा देव कोणता म्हणून विचारू नये, शर्ट कसला शिवू म्हणून विचारावं. एकजण कायम मरून रंगाचं कापड आणायचा. "रक्त दिसाय नगं, मास्तर," म्हणायचा. लोकांना वाटायचं, दुसऱ्याचं. छे! आपलं स्वतःचं. ते दिसलं की हा आडवा होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याला पांढराशुभ्रच पाहिजे, वर कडक इस्त्री. आपण मारतो ते न्यायासाठी, अशी त्याची श्रद्धा. एकाचे पुढचे दात घशात घालून सरळ माझ्याकडे आला आणि बाहीवरचे डाग पदकं दाखवावीत तसे दाखवू लागला. तिसऱ्याला बटणं चालत नसत, टिचबटणंच हवीत. कुणी गचांडी धरली की शर्ट त्याच्या हातात आणि हा उघडाबंब पुढच्या गल्लीत. ह्याचा विश्वास फक्त आपल्या पायांवर. तिघांत धडधाकट राहिला तो हाच.

आणि एक पैलवान. मान अशी की टेप दोनदा फिरवावी लागे. तो देवीच्या भंडाऱ्याची पुडी घेऊन आला. म्हणाला, "ही कॉलरीत शिवा. मग वार लागत न्हाय." मी हो म्हटलं. पण त्या दिवशी कॉलर काही केल्या ताठ बसेना. कॉलरीच्या आत जे कडक कापड घालतात ना, बुकरम, ते मी वैतागून तीन पदरी ठासलं आणि शर्ट देऊन टाकला. पुडी दुसऱ्या दिवशी मशिनीखाली सापडली.

आठवड्यात त्याच्या मानेवर भरबाजारात तलवार पडली. ओझरती होती, बुकरमात अडकली, कातडं तेवढं सोललं. तेवढ्या उसंतीत पैलवानानं समोरच्याचा हात कोपरातून उलटा मोडला, कटकन, ऊस मोडावा तसा. मग तो त्याला खाली पाडून तोंडावर बुक्क्या घालत बसला, डोळे बुजले तरी थांबेना. चौघांनी ओढून काढलं. तिथून तो थेट माझ्या दुकानात आला आणि रक्ताळल्या हातांनी माझे पाय धरले.

पुडी माझ्या गल्ल्यात होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "शिवताना निर्जळी उपास केलता मी."

झालं! पुढं मी ती गोष्ट इतकी सांगितली की तलवारीचे आधी दोन तुकडे झाले, मग पाच, आणि शेवटचा तुकडा उडून समोरच्या हॉटेलच्या पाटीत रुतला. ती पाटी बघायलाही लोक यायचे.

माझी थोरली बहीण निपाणीच्या पुढं दिलेली. दाजी तंबाखू पिकवतात. कोंबडी कापायची झाली तर गोठ्यामागं जाऊन उभे राहणारा माणूस. त्यांच्या चुलतभावानं सामाईक बांध रोज वीतभर सरकवत आत आणला होता. दाजी एकदा दुकानात आले, बराच वेळ चहा ढवळत बसले आणि म्हणाले, "मेव्हणं, तसला एक शर्ट मलाबी शिवा की."

तेव्हा तरी खरं बोलावं? मी मशिनीला उदबत्ती ओवाळली. मनात म्हटलं, जत्रेत घालतील, मिशीला पीळ देतील. त्यांची मान आखूड, काचेल म्हणून बुकरम एकपदरीच घातलं.

गेल्या हिवाळ्यात सकाळी आक्काचा फोन आला. "आज सर्वेवाला यायलाय. ह्यांचा चुलतभाव कोयता घिऊन बांधावर बसलाय आन् हे रिकाम्या हातानं निघालेत. काठी दिली तर म्हणत्यात, शर्ट हाय की. काय घातलाईस रं त्या शर्टात?"

मी गाडी अशी हाणली की हत्तरगीच्या टोलनाक्यावर माझं तोंड आधी पोचलं आणि गाडी मागनं आली.

बांधावर पोचलो तेव्हा मोजणीवाला आपली साखळी टाकून उसात घुसला होता. चुलतभाऊ कोयता धरून उभा, अंगात मरून शर्ट. हा माणूस घाबरलेला होता, आपलं रक्त सांडणार हे धरूनच घरून निघालेला. आणि घाबरलेला माणूस धमकी देत बसत नाही, पहिला वार तोच करतो.

"दाजी, मागं सरा! नुसतं बुकरम हाय त्यात!"

दाजींनी वळूनही पाहिलं नाही. हनुवटी वर करून त्यांनी कॉलरीवर थाप मारली. "हाण! हितं हाण!"

पुढचं मी अजिबात वाढवून सांगत नाही. मी मागून दाजींची कंबर धरून ओढली, म्हणून मानेवरचा वार खांद्यावर बसला. ओल्या लाकडात बसावा तसा कोयता आत रुतला. त्यानं तो हिसकून काढला तेव्हा आतलं हाड पांढरं दिसलं आणि मग लगेच दिसेनासं झालं. दुसरा वार अडवायला मी हात पुढं केला. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं बांधावर पडली. दाजी खाली कोसळले तरी कॉलर चाचपत होते. त्या चुलतभावानं आपल्या हातावरचं रक्त पाहिलं, कोयता टाकला आणि तिथंच बसून भडाभडा ओकला.

निपाणीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी दाजी बोलले. पोलिसांनी शर्ट जप्त केला होता, दाजींनी आधी विचारलं ते त्या शर्टाचंच. मग म्हणाले, "वार कॉलरीवर बसला आस्ता तर कायबी झालं नसतं. तुम्हीच ओढलासा. आता खांद्यावरबी भंडारा घालून दुसरा शिवा. हितनं सुटलो की जातो परत बांधावर."

मी सगळं सांगितलं. पुडी, मशीन, बुकरम, न केलेला उपास. पट्टी बांधलेला हात कपाळाला लावून आईची शपथ घातली.

दाजी हसले, हसताना टाके ओढले म्हणून कण्हले. "मेव्हणं, तुम्ही आजवर एक तरी खरं बोललाईसा व्हय? तलवारीचं पाच तुकडं कुणी केलं? मी परत बांधावर जाऊ नी म्हणून आता हे!"

"भ्या वाटू दे म्हणून सांगायलोय की!"

"त्येच म्हणतो. खोटं."

जन्मात एकदा खरं बोललो, आणि माझीच ख्याती आडवी आली. 

आक्का खिडकीपाशी उभी होती. ती म्हणाली, "खरं हाय त्येचं."

"कशावरनं?" दाजींनी विचारलं.

"ह्यात त्येची फुशारकी न्हाय. लाज हाय."

आक्का त्याच दुपारी घरी गेली आणि ट्रंकेतले त्यांचे सगळे शर्ट, माझेच शिवलेले, पिशवीत भरून घेऊन आली. दवाखान्याच्या बाकड्यावर तिनं माझ्या उजव्या हातात कात्री दिली आणि कापड आपण ताणून धरलं. एकेक कॉलर उसवून दाजींच्या उशापाशी ठेवली. दाजी ती चिमटीत धरून उजेडात बघायचे, आत नखानं कोरायचे. भंडाऱ्याचा कण नाही, नुसतं बुकरम. नऊ शर्ट झाले. नवव्याला त्यांचा हात आपोआप उघड्या मानेकडे गेला, थरथरायला लागला आणि तो थरथरता हात त्यांनी आक्कापुढं केला. तिनं तो धरून ठेवला.

खटला चालू आहे. मोजणी पुन्हा झाली तेव्हा दाजी पोलीस येईपर्यंत आंब्याखाली बसून राहिले, बिनकॉलरीच्या शर्टात. चुलतभावाकडचा एकजण ओरडला, "काय रं, कॉलर कुठं गेली तुझी?"

दाजी जागचे हलले नाहीत.