शिवामामांचे खिसे

मंडळी, आज दुपारी आमच्या चाचणीच्या प्लॉटमधली तूर जाळली. शेंगांनी लगडलेली, एकाही शेंगेत अळी नाही.

ही जनुकीय बदल केलेली तूर. लागवडीला सरकारची मंजुरी नाही, म्हणून चाचणी संपली की एक दाणाही बाहेर जाता कामा नये. नियम मला पटतो. चाचणीची प्रमुख म्हणून मीच तो सगळ्यांना समजावून सांगते.

मोडनिंबच्या शिवामामांनी सात महिने हा प्लॉट राखला. त्यांची स्वतःची तूर यंदा अळीनं खाल्ली. काडी लावण्याआधी त्यांनी बांधावर चपला काढल्या, खळ्यावर काढतात तशा. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मूठभर बी द्या की. कुणाला सांगत न्हाय."

मी नाही म्हणाले.

संध्याकाळी निघताना फाटकावर सगळ्यांची झडती असते. मी काही बोलायच्या आधीच मामांनी दोन्ही खिसे उलटे केले. "बगा की, काय न्हेलं न्हाय."

तंबाखूचा चुरा तेवढा खाली पडला. त्यात दाणा नाही ना, हे मी वाकून पाहिलं.

मंजुरी येईल तेव्हा येईल. पण सात महिने ज्यांच्या भरवशावर प्लॉट सोडून मी निर्धास्त घरी गेले, त्यांचे खिसे आज मी असे तपासले. उद्या मामांना तोंड कसं दाखवू, सांगा?