लोहाचा कणही नको

दीनानाथ साळवी दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत काचेची भांडी धुवायचे. प्रत्येक फ्लास्क ॲसिडमध्ये बुडवून ठेवायचा, मग सात वेळा शुद्ध पाण्यानं विसळायचा. आत लोहाचा कणही राहता कामा नये. का, ते त्यांनी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

शहाण्णव साली मुलगा जयदीप गुडगावच्या एका नव्या कंपनीत लागला. सरकारी क्वार्टर सोडून दीनानाथ आणि वैजयंतीबाई त्याच्याकडे राहायला गेले. वैजयंतीबाईंची फुप्फुसं लहानपणीच्या क्षयानं अधू झालेली. त्या हिवाळ्यात खोकला बळावला, कफ हिरवा पडू लागला, चेहरा पांढराफटक झाला. दीनानाथांनी केमिस्टकडून लोहाचं टॉनिक आणलं. रोज दोन चमचे ते स्वतः पाजायचे.

"अहो, तोंड कसंतरी होतं यानं."

"घे गं. रक्त वाढेल."

महिन्याभरात वैजयंतीबाईंना इस्पितळात ठेवावं लागलं. कफाच्या रिपोर्टवर जंतूचं नाव होतं, स्यूडोमोनास. दीनानाथांना इंग्रजी जेमतेम यायचं, पण ही अक्षरं ओळखीची होती. रोजच्या फ्लास्कवर तीच असायची.

दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या प्रमुख विजयालक्ष्मी मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. "मॅडम, हा जंतू नेमकं करतो काय?"

मॅडमनी त्यांना बसवलं. "त्याला जगायला लोह लागतं. ते पकडून आणायला तो एक रेणू बाहेर सोडतो. लोह कमी असलं की जास्तच सोडतो, आणि आम्हाला तपासायला तोच रेणू हवा असतो, म्हणून तुमची ती धुलाई. इकडे आपल्या पेशी जंतूला मारायला पेरॉक्साइड सोडतात. त्याची त्या पकडलेल्या लोहाशी गाठ पडली, की फार जहाल काहीतरी तयार होतं. ते फुप्फुसाच्याच पेशी जाळतं."

"मी तिला लोहाचं टॉनिक पाजत होतो."

"दीनानाथजी, त्यानंच झालं असं कुणी म्हणू शकत नाही."

"त्यानं बिल्कुल झालं नाही, असं म्हणता येईल?"

"नाही, तसंही म्हणता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर आठव्या दिवशी वैजयंतीबाई गेल्या.

तेराव्यानंतर दीनानाथ कामावर आले. मॅडमनी स्टोअरमध्ये बदली देऊ केली, त्यांनी नको म्हटलं. पुढे परदेशी प्लास्टिकचे तयार फ्लास्क येऊ लागले, धुण्याचं कामच उरलं नाही, तेव्हा त्यांना फाटकावरच्या नोंदवहीवर बसवलं.

जयदीप अधूनमधून विचारायचा, "बाबा, आई अशी अचानक कशी गेली?"

"फुप्फुसं," एवढंच म्हणून ते बाल्कनीत जाऊन उभे राहायचे.