हिरवा डोंगर, उपाशी गायी

ढोरकी काकाजी गवत आधी चावायचे आणि मग त्याच्याकडे पाहायचे. चालता चालता वाकून काडी उपटायची, दाढेखाली धरायची, दोन पावलं पुढे जाऊन थुंकायची आणि मग नाव सांगायचं. मी वही घेऊन मागे धावत असे. थांबा, लिहू द्या, म्हणेपर्यंत ते पुढच्या टेकाडावर पोचलेले असत. गावाची गुरं चारायला नेणाऱ्याला आमच्याकडे ढोरकी म्हणतात. काकाजींच्या घरात हे काम तीन पिढ्यांचं. एका जागी उभं राहणं त्यांच्या पायांना माहीतच नव्हतं.

अनसिंगच्या पुढे आमचं गाव. गावामागचा मुरमाड डोंगर कागदावर ई-क्लास, म्हणजे सगळ्यांच्या गुरांचं चराऊ रान. ग्रामपंचायतीला तिथल्या झाडागवतांची नोंदवही करायची होती. मला याद्यांची हौस. घरातल्या डब्यांवरसुद्धा मी क्रमांक टाकलेले आहेत. तेव्हा काम माझ्याकडे आलं. मी रकाने आखले: नाव, जागा, उपयोग, स्थिती. काकाजींना वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक रकान्यात काय आहे हे त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाले, "हे समदं माणसाचं झालं. ढोराचं काय लिवलं?"

मला ते गमतीचं वाटलं. मी हसून पान उलटलं.

त्याआधीची दोन वर्षं पावसाने दगा दिला होता. पहिल्या वर्षी पवन्या, म्हणजे गुरांचं सगळ्यात आवडीचं गवत, गुडघ्याच्या वर आलंच नाही. दुसऱ्या वर्षी त्याच्या जागी खडे दिसू लागले. काकाजी रोज नवी गैरहजेरी सांगत यायचे. गवत नाही म्हणून लावा पक्ष्याची अंडी नाहीत. फूल नाही म्हणून मधाचं पोळं नाही. मध्येच एक जोरदार सर आली, तर पाणी मातीसकट नाल्यात गेलं आणि पायथ्याची विहीर होती तेवढीच राहिली. "डोंगर आता पाणी पेत नाही," ते म्हणाले, "त्याले तोंडच नाही राह्यलं."

गावाची एक जुनी रीत होती. डोंगर गुरांना कधी मोकळा करायचा हे ढोरकी ठरवी. पवन्याचं कणीस तळहातावर झटकायचं. बी सहज गळलं तर गुरं वर न्यायची, नाहीतर खालीच वळवायची. दुष्काळात काकाजींनी स्वतःची गाय बांधून ठेवली, बाभळीच्या शेंगांवर जगवली, पण डोंगरावर नेली नाही. बायको दिवसभर टोमणे मारायची, की डोंगर काय तुमचा सासरा लागते? ते ऐकून न ऐकल्यासारखे निघून जायचे.

तिसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला. आषाढ सरता सरता डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवागार झाला. गावाला घाई होती. गुरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. सरपंचांनी मला लेखी विचारलं. मी रस्त्यावरूनच डोंगर पाहिला आणि स्थितीच्या रकान्यात लिहिलं: आच्छादन पूर्ववत. त्या कागदावर डोंगर मोकळा झाला. काकाजी त्या आठवड्यात लेकीकडे रिसोडला होते. ते येईपर्यंत थांबावं असं माझ्या मनात आलं नाही, कारण यादीतलं ते शेवटचं काम होतं आणि मला ते संपवायचं होतं.

परत आल्यावर ते घरी न जाता थेट माझ्याकडे आले आणि मला डोंगरावर घेऊन गेले. हिरवं होतं ते सगळं तरोट्याचं तण. त्याला कुठलंच जनावर तोंड लावत नाही. मधूनमधून पवन्याचे जे मोजके बुंधे दुष्काळातून वाचले होते, तेवढेच गुरांनी हुडकून मुळापर्यंत खाल्ले होते. बी धरायच्या आत.

"हिरवं दिसलं अन् तू लिवून देल्लं," ते म्हणाले. "गायीले विचारलं काय?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी एका बुंध्याशी खाली बसले. ते मात्र उतारावर फिरत राहिले, एकेक बुंधा पायाने चाचपत.

दिवाळीनंतर डोंगरावर तरोट्याच्या काळ्या काड्या उरल्या. चारा नाही म्हणून बहुतेकांनी गुरं विकली. गुरं गेली तसं ढोरक्याचं काम गेलं. उन्हाळ्यात काकाजी बायकोला घेऊन लेकीकडे कायमचे राहायला गेले. जाताना मला निरोप नव्हता. मला ते लागलं, आणि बरोबरही वाटलं.

त्यानंतरच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि माझी नोंद चुकली होती असं सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, आता कायले सांगून राह्यल्या? पण बायकांनी तरोटा उपटायचं मनावर घेतलं, आणि वरचा एक लहानसा उतार वर्षभर बंद ठेवायचं ठरलं. गावात उरलेली मोकाट गुरं तिथे चढू नयेत म्हणून मी राखण केली. पावसाळ्यात तिथे पवन्याचे अकरा बुंधे दिसले. अकराचा आकडा खरा आहे. मी रोज मोजत होते.

दसरा झाला आणि मला राहवेना. एसटीने रिसोड गाठलं. लेकीच्या अंगणात काकाजी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होते. खूप वाळले होते. मी वही उघडून अकरा बुंध्यांची जागा, उंची, कणसं सगळं वाचून दाखवलं. लेक चहा घेऊन आली.

काकाजींनी एवढंच विचारलं, "बी गळलं काय?"

दोन-चार दिवसांत गळेल, मी म्हटलं. आज सकाळी पाहायला गेले नाही, थेट इकडेच आले.

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं.

"मंग इथं काय करून राह्यली, बाई? ढोरं सुटली असतीन तिकडं. जाय."

मी चहा तसाच ठेवला आणि स्टँडकडे निघाले.