साडूंनी सुधारलेली टाकी

माझ्या साडूंचा मला हेवा वाटतो, हे मी घरात कोणालाही कळू दिलेलं नाही. (बायको सोडून. आणि सासूबाई. आणि स्वतः साडू.)

सुधाकरराव अमरावतीला बँकेत आहेत. बँकेतल्या माणसानं बँकेतच राहावं ना! पण हे मिक्सर दुरुस्त करतात, कुकरचं झाकण ताळ्यावर आणतात, सासूबाईंच्या चष्म्याची काडी बसवून देतात. अकोल्याच्या आमच्या जुन्या घरातली संडासाची फ्लशची टाकी भरायला अर्धा अर्धा तास लावू लागली, तेव्हा माझी बायको मंदा लगेच म्हणाली, "उद्या ताई अन् भाऊजी जेवाले येऊन राह्यले. भाऊजी पायतीन."

"काहून? मी मेलो काय?"

"तुमी हात नका लावू. आजच नळ आला, गच्चीवरची टाकी भरून ठेवली हाये. आता गुरुवारशिवाय पाणी नाई."

एवढं ऐकून गप्प बसणारा मी नव्हे. रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आत मी पाना घेऊन संडासात शिरलो. भिंतीवरचा कॉक बंद केला. (तो वडिलांच्या काळात बंद पडलेल्या नळाचा होता, हे नंतर कळलं.) मग फ्लशच्या पाइपाचा नट फिरवला. नट निघाला आणि धार थेट माझ्या छातीवर आली. मी अंगठा लावला. धार छताला लागली.

"मंदा, गच्चीवरचा कॉक बंद कर!"

ती धावत वर गेली. वरून आवाज आला, "गंजला हाये. फिरून नाई राह्यला."

"जोर लाव!"

"लावला. दांडी हातात आली."

गुरुवारपर्यंतचं सगळं पाणी अंगणातून नालीत गेलं. वरणापुरतंही उरलं नाही. पाहुणे आले तेव्हा मंदा शेजारणीकडून बादली आणत होती आणि मी ओल्या बनियनवर दारात उभा राहून "या, या" करत होतो.

सुधाकरराव हसले नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. बाह्या सरसावून ते आत वाकले. "दिलीपराव, फ्लशच्या खालीच तं छोटा कॉक हाये. हा बंद केला असता तं झालं असतं." मग पाइपाच्या तोंडची बारीक जाळी काढून त्यांनी गाळ घासायला दातांचा जुना ब्रश मागितला. मंदानं माझा दिला. तो जुना नव्हता.

जाळी बसली, नट बसला. पण तपासणार कसं? गच्चीवरच्या टाकीत थेंब नव्हता! शाबासकी न घेताच ते अमरावतीला परतले, आणि त्या आठवड्यात मला सुख म्हणून मिळालं ते एवढंच.

गुरुवारी नळ आला. फ्लशची टाकी भराभर भरली. मंदानं शेजारणीला बोलावून दाखवली. "आमच्या भाऊजीनं केली."

माझ्यानं पाहवेना. दुपारी तिचा डोळा लागला तसा मी आत गेलो आणि तो छोटा कॉक जवळजवळ बंद करून टाकला. टाकी पुन्हा रडतखडत भरू लागली. संध्याकाळी मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "तुह्या भाऊजीचं काम काई टिकलं नाई."

मंदानं क्षणभर विचार केला आणि फोन लावला. "भाऊजी, रविवारी परत या. अन् आता चार दिवस राहूनच जा. घरातलं सारंच पाहून घ्या, यांले तं काईच जमत नाई."

चार दिवस! मी तसाच उठलो, आत गेलो आणि कॉक पूर्ण उघडला. मंदा फोन कानाला लावूनच आली, तिनं एकदा फ्लश दाबून पाहिला. टाकी खळखळ भरली.

"माय वो," ती फोनवर म्हणाली, "भाऊजी, तुमी नुसते 'येतो' म्हणाले तं टाकी सुधारली!"