आत्याने तपासलेला पेनड्राइव्ह

दुकानात येणारा जो तो तिला आत्या म्हणायचा. तिच्याहून वयाने मोठे, टक्कल पडलेले गृहस्थसुद्धा दाराशी येऊन विचारत, "आत्या आहेत का आत?" खरं तर ती एकाच मुलीची आत्या. भावाची लेक लहान असताना शाळा सुटली की दुकानात यायची, काउंटरखाली बसून चित्रं काढायची आणि उठल्याबसल्या "आत्या, आत्या" करायची. ते गिऱ्हाइकांनी उचललं आणि चिकटलं ते चिकटलंच.

दुकान मूळचं वडिलांचं. ते रेडिओ दुरुस्त करायचे. दोन मुलांत थोरल्याला बोलणं होतं, धाकटीला हात होता. वडिलांनी थोरल्याला गिऱ्हाइकांसमोर बसवलं आणि धाकटीला आपल्या शेजारी. ते गेल्यावर दुकान थोरल्याच्या नावावर झालं. तिला कोणी विचारलं नाही, तिनेही विषय काढला नाही. लग्न केलं नव्हतं, राहायचं दादाकडेच, मग विचारायचं तरी काय? रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, कॉम्प्युटर आले. दादा पुढे काउंटरवर आणि ती प्लायवूडच्या पार्टिशनमागे, ही मांडणी काही बदलली नाही.

कॉम्प्युटर चालवणारी नवी सिस्टिम घालण्यात तिचा हात धरणारं त्या बाजारात कोणी नव्हतं, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. मशीन सुरू होताना आतल्या डिस्ककडे न जाता बाहेर लावलेल्या पेनड्राइव्हकडे गेलं पाहिजे, तर नवी सिस्टिम आत जाणार. दोन ओळींचं काम, पण त्यात शंभर अडचणी. लोक सिस्टिमची फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून आणत आणि म्हणत, "आत्या, हे बूटच होत नाही, मशीन सुरूच होईना."

"पुस्तक उशाखाली घेऊन झोपलात तर परीक्षेत पास होता का?" आत्या विचारायची. "फाइल ठेवायची नसते, लिहायची असते. त्याला वेगळा प्रोग्रॅम लागतो."

गिऱ्हाईक ओशाळून हसायचं. कोणाचं मशीन जुन्या पद्धतीने सुरू होणारं आणि पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने लिहिलेला, कोणाचं बरोबर उलटं. कोणी सेटिंगमधलं कुलूप न काढताच तासभर एकच बटण बडवत बसलेला. आत्या पडद्याकडे एक नजर टाकायची आणि नाक मुरडायची. तिचं बोलणं लागायचं लोकांना, पण मशीन चालू होऊन परत जायचं, त्यामुळे लोक ऐकून घ्यायचे.

दादाने याचा बरोबर उपयोग करून घेतला. काउंटरवर तो पेनड्राइव्हही विकायचा आणि हातात देताना हटकून म्हणायचा, "बिनधास्त न्या. आत्याने तपासलेला आहे." सुरुवातीला ते खरंच होतं. ती प्रत्येक पेनड्राइव्ह लावून बघायची आणि मगच पुढे पाठवायची. पुढे दादा कुठूनतरी मोठा माल एकदम आणू लागला, पुडे मागे येईनासे झाले. वाक्य मात्र तसंच राहिलं. पार्टिशनच्या आडून ते तिला ऐकू यायचं. आपण यातला एकही हातात धरलेला नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण दिवसातून चार वेळा आपलं नाव असं घेतलेलं कानाला बरं वाटत होतं, म्हणून ती गप्प बसायची.

मग नर्सिंग कॉलेजचं काम आलं. तिथल्या लॅबमधल्या सगळ्या मशीनांवर नवी सिस्टिम घालायची होती. आत्याने काउंटरवरच्या नव्या पुड्यातले काही पेनड्राइव्ह घेतले, सिस्टिम लिहिली आणि सकाळीच जाऊन पोचली. लॅबच्या बाईंनी खुर्ची दिली, पंखा लावला. पहिलं मशीन पेनड्राइव्हवरून सुरू झालं, भाषा विचारली, डिस्क विचारली, काम चालू झालं आणि अर्ध्यात बंद पडलं. एक फाइल सापडत नाही म्हणे.

आत्याने पेनड्राइव्ह लावायचा पुढचा पोर्ट सोडून मागचा पोर्ट धरला. तेच. दुसरं मशीन घेतलं. तेच. सिस्टिमची मूळ फाइलच अर्धवट उतरली असेल म्हणून ती तपासली, तर ती अगदी चोख. पुड्यातला दुसरा पेनड्राइव्ह लावला, तिसरा लावला. तिन्ही त्याच ठिकाणी अडकले.

"काय झालं हो, आत्या?" लॅबच्या बाईंनी विचारलं.

"काही नाही. मीच गाढव आहे," आत्या म्हणाली. तिने पिशवीच्या तळाशी पडलेला आपला जुना, टोपण हरवलेला पेनड्राइव्ह काढला. त्याच्यावर तीच फाइल लिहिली. मशीन सरळ शेवटपर्यंत गेलं. त्या एकाच पेनड्राइव्हवर तिने एकामागून एक करत सगळी लॅब उरकली, पण हाताला काम असलं तरी डोकं भलतीकडेच होतं.

दुकानात परत आल्यावर तिने नव्या पुड्यातला एक पेनड्राइव्ह काठोकाठ भरला आणि भरलेलं पुन्हा वाचून बघितलं. वर बत्तीस जीबी लिहिलेलं, मशीनही बत्तीसच दाखवणार, आत जागा मात्र चारची. तेवढी भरली की पुढचं सगळं नुसतं लिहिल्यासारखं दिसायचं, टिकायचं काहीच नाही. सुरू होण्यापुरता भाग पुढे असल्यामुळे मशीन सुरू व्हायचं, आणि जी मोठी फाइल मागे होती ती कधी त्याच्यात गेलेलीच नसायची.

ती पार्टिशनबाहेर आली. दुकानात कोणी नव्हतं.

"दादा, हे खोटे आहेत. अख्खा पुडा."

दादा पंख्याची धूळ झटकत होता. त्याने मान वळवली नाही. "हळू बोल."

"तुला माहीत होतं?"

"एकदोघं आले होते कुरकुर करत. बदलून दिले. आपण बनवलेत का ते? वरून आले तसे विकले. अख्खा बाजार हेच विकतोय."

"अख्खा बाजार माझं नाव घेऊन विकत नाही."

"बघू," दादा म्हणाला. त्याचं "बघू" म्हणजे काय, ते तिला लहानपणापासून माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात एक फोटोवाली आली. हातात स्टुडिओचं पाकीट आणि डोळे रडून लाल. एका घरच्या आजींच्या मोठ्या वाढदिवसाचे फोटो तिने काढले होते, सगळी मुलं-नातवंडं गोळा झाली होती. फोटो इथूनच घेतलेल्या पेनड्राइव्हवर टाकून कॅमेऱ्यातलं कार्ड तिने दुसऱ्या कामासाठी रिकामं केलं. मधल्या काळात आजी गेल्या. आता घरचे फोटो मागताहेत, आणि पेनड्राइव्हवर फोटोंची नावं ओळीने दिसतात, उघडत मात्र नाहीत. सुरुवातीचे मोकळ्या हॉलचे आणि खुर्च्यांचे तेवढे उघडले.

दुकानात चारपाच माणसं होती. दादाने चेहरा गंभीर केला. "बाई, तुम्ही नीट बंद न करता ओढला असणार. माल एक नंबर आहे. थांबा." आणि त्याने मागे हाक दिली, "अगं, जरा बाहेर ये. सांग बघू यांना, ओढला की असंच होतं ना?"

आत्या बाहेर आली. सगळे तिच्याकडे बघत होते. दादाही बघत होता, आणि त्याच्या नजरेत धमकी नव्हती. होती ती खात्री. आजवर ही आपल्या शब्दाबाहेर गेली नाही, आज तरी कशाला जाईल, अशी. तीच खात्री तिला सहन झाली नाही.

"तुम्ही काही केलं नाही," ती फोटोवालीला म्हणाली. "पेनड्राइव्हच खोटा आहे. आमच्या दुकानातले सगळेच खोटे आहेत. फोटो त्यात गेलेच नव्हते, त्यामुळे परत काढता येणार नाहीत. आणि हा मी तपासलेला नाही. यातला एकही मी तपासलेला नाही."

एका माणसाने नुकताच घेतलेला पेनड्राइव्ह खिशातून काढून हळूच काउंटरवर ठेवला.

संध्याकाळी घरी दादा जेवणाच्या टेबलाशी बसला. मग एकदम फुटला.

"चारचौघांत माझं नाक कापलंस!"

"तू माझं रोज कापत होतास. फरक एवढाच, की ते मागच्या दाराने."

"ताई," वहिनी मध्ये पडल्या, "घरातलं घरात बोलायचं असतं हो."

"ती बाई घरात आली नव्हती, वहिनी. दुकानात आली होती."

"दुकान माझं आहे," दादा म्हणाला. "उद्यापासून मागे बसायचं नाही. घरी बस."

"कोणाच्या घरी?" आत्याने विचारलं.

दादाने ताटात बघितलं. वहिनींनी पाण्याचा जग उचलला आणि तो भरलेला असूनही पुन्हा भरायला घेऊन गेल्या. त्या दोघांपैकी कोणीतरी नुसतं "आपल्या" म्हटलं असतं तरी ती तिथेच राहिली असती. हे तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग येत राहिला.

तिने बाजारापासून दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली. खिडकीशी टेबल लावलं, दारावर पाटी लावली. मनाशी हिशेब पक्का होता. गिऱ्हाइकं दादासाठी थोडीच येत होती? मशीन अडलं की शोधत येतील. पार्टिशनमागे कोणी नाही म्हटल्यावर दुकान किती दिवस तग धरतंय ते बघूच.

दुकानाने उत्तम तग धरला. दादाने एक मेकॅनिक ठेवला. त्याला फारसं कळत नव्हतं, कुठल्याही दुखण्यावर त्याचं औषध एकच, सगळं पुसून नव्याने घालायचं. लोकांना तेही चाललं. आत्या कुठे गेल्या असं कोणी विचारलं, तर दादा आवाज खाली आणून सांगायचा, "डोळ्यांना दिसेना हो तिला आता. काहीतरीच बोलायला लागली होती. आम्हीच म्हटलं, विश्रांती घे." माणसं हळहळायची आणि पेनड्राइव्ह घेऊन जायची. तिच्या खोलीवर आला तो एक घरमालक आणि एक चुकलेला कुरिअरवाला.

एका दुपारी भाजी घेताना तिला फोटोवाली भेटली. हातात दादाच्या दुकानाची पिशवी.

"अय्या, आत्या! बऱ्या दिसताय की. तुमचे भाऊ म्हणत होते, तब्येत बरी नसते."

"तब्येत बरी आहे." आत्याची नजर पिशवीवर होती. "अजून तिथूनच घेता?"

"वाटेवर पडतं ना. आणि भाऊ तसे चांगले आहेत हो तुमचे. दुसऱ्याच दिवशी घरी माणूस पाठवला, बदलून दिला, वर एक जास्तीचा दिला."

"भरून, वाचून बघितलात?"

"आता तेवढा वेळ कोणाला असतो?" फोटोवाली हसली. मग जरा घुटमळून म्हणाली, "पण खरं सांगू? तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर सख्ख्या भावाला तसं बोललात ना, मलाच कसंतरी झालं. माझ्यामुळे उगीच."

"तुमच्यामुळे नव्हतं," आत्या म्हणाली. तिने घेतलेली भाजी तशीच परत ठेवली आणि चालायला लागली. भाजीवाला मागून हाका मारत राहिला.

पुढे नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये तिला काम मिळालं. लॅबच्या बाईंनी शब्द टाकला होता. काम कसलं, कुलूप उघडायचं, मशीनं चालू करायची, बंद करायची. मुली तिला आत्या म्हणत नव्हत्या, "मॅडम" म्हणत, आणि ते तिला परक्याच्या चपला घातल्यासारखं वाटे. एकदा एका मुलीने पेनड्राइव्हवर फाइल नुसती कॉपी करून आणली होती. उशीखालच्या पुस्तकाचं तोंडावर आलेलं वाक्य आत्याने गिळलं आणि मुकाट्याने पेनड्राइव्ह लिहून दिला.

अशातच भाचीचा फोन आला. घर सोडल्यापासून पहिलाच. भाची लग्न होऊन दादाच्या घराजवळच राहत होती. दुकानात येणंजाणं होतं, आत्याच्या खोलीवर मात्र तिला वेळ झाला नव्हता.

"आत्या, कशी आहेस?" आणि उत्तराला न थांबता, "अगं, माझा लॅपटॉप ना, पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीये. यादीत नाव दिसतं, पण निवडलं की म्हणतो, सुरक्षेमुळे परवानगी नाही."

कामापुरता फोन म्हणून आत्याचं मन खट्टू झालं, आणि "आत्या" ऐकून लगेच सुखावलंही. "नवा घेतलास का गं? सेटिंगमध्ये जा. सिक्युअर बूट म्हणून कुलूप असेल."

"थांब हं." फोन बाजूला गेला. भाची कोणालातरी हलक्या आवाजात सांगत होती, सिक्युअर बूट, सिक्युअर बूट. मग खोकला ऐकू आला. आधी दोनदा लहान, मग एक लांब. तो खोकला आत्या जन्मापासून ऐकत आली होती.

"कुठे आहेस गं तू?" तिने विचारलं.

"घरी. म्हणजे, घरीच आहे." भाचीचा आवाज चोरटा झाला. "का गं?"

तिकडे खोकला आता दाबून धरलेला असावा. ती सांगू शकत होती, फोन तुझ्या बाबांकडे दे. सांगू शकत होती, त्यांच्या मेकॅनिकला विचार. पण त्यासाठी आधी या मुलीला खोटारडी म्हणावं लागलं असतं, आणि एवढ्या दिवसांनी तिच्या तोंडून "आत्या" ऐकलेलं असताना ते काही तिच्याने होईना.

"ते बंद कर," ती शेवटी म्हणाली. "सेव्ह करून बाहेर ये. मग पेनड्राइव्ह निवड. काम झालं की परत चालू करायला विसरू नकोस."

पुन्हा कुजबुज, बटणांचा आवाज, आणि मग कोणीतरी सोडलेला सुस्कारा.

"झालं! थँक्यू हं, आत्या. ठेवते."

त्यानंतर असे फोन येत राहिले. कधी भाचीचा लॅपटॉप, कधी तिच्या मैत्रिणीचा, कधी शेजारणीचा. एका मुलीच्या ओळखीत इतकी मशीनं अडत असतील यावर कोणाचाही विश्वास बसला नसता. आत्या प्रत्येक वेळी नीट सगळं सांगायची. फोन वाजला की ती आधी खिडकी लावून घ्यायची, म्हणजे रस्त्याचा आवाज मध्ये येत नसे आणि पलीकडचं सगळं, खोकल्यासकट, स्वच्छ ऐकू यायचं.