आधी दहा श्वास, मग सुरी

कारखान्यात तिला सगळे डावी म्हणतात. हे नाव तिला फुकटात मिळालेलं नाही.

गणवेश शिवण्याचा तो कारखाना, आणि ती तिथली कापणारी. लांबलचक टेबलावर कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वर साचे मांडून खडूने आखायचं, आणि उभ्या पात्याचं विजेचं यंत्र फिरवून सगळे थर एकदम कापायचे. त्या यंत्राला सगळे सुरीच म्हणतात. बाहीचा साचा एकदा सुलटा मांडायचा, एकदा उलटा, म्हणजे डावी-उजवी जोडी होते. शेंबडं पोरही सांगेल हे. पण तीन वर्षांपूर्वी तिने तो दोन्ही वेळा सुलटाच मांडला आणि एकशे साठ बाह्या कापल्या. सगळ्या डाव्या.

त्या दिवसांत तिची आई इस्पितळात होती, नवरा परगावी कामाला आणि लेकीची परीक्षा तोंडावर. डोक्यात नुसता बाजार भरलेला. शिवणाऱ्यांचे म्हातारे मास्तर तो ढीग बघून म्हणाले, "आता दोन्ही हात डावे असलेली ऐंशी माणसं शोधून आण." सगळे पोट धरून हसले. तीही हसली, आणि मग संडासाचं दार लावून रडली. हात थरथरत होते आणि श्वास घशातच अडकला होता.

तिची नणंद नर्स आहे. तिने उपदेशाचे डोस पाजले नाहीत. म्हणाली, "वहिनी, पोटावर हात ठेव. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. असे दहा. मन पळालं तर त्याच्यावर ओरडू नकोस, पुन्हा एकपासून सुरू कर."

"एवढंच?"

"दहा करून दाखव, मग बोल."

दहा कसले, तिसऱ्या श्वासाला आईची औषधं आठवायची आणि चौथ्याला गॅसवरचं दूध. पुन्हा एकपासून. तीन आठवड्यांनी कधीतरी दहा झाले. आई त्याच वर्षी गेली. श्वास मोजून ते टळणार नव्हतं, नणंदेनेही तसं कधी सांगितलं नव्हतं. पण हातांची थरथर थांबली. तेव्हापासून डावीचा नेम ठरला. लोखंडी जाळीचा हातमोजा चढवायचा, दुसरा तळहात कापडावर टेकवायचा, डोळे मिटायचे, दहा श्वास घ्यायचे. मग सुरी.

नवा मॅनेजर आला तो घड्याळ हातात धरूनच. त्याने हिशेब मांडला. "दिवसाला बारा वेळा, दर वेळी शंभर सेकंद. वीस मिनिटं तुम्ही डोळे मिटून उभ्या. उद्यापासून हे बंद. जमत नसेल तर बटणं लावायच्या कामावर जा."

मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. "अगं, आखणी तपासते म्हणून सांग. तपासायला दोन मिनिटं मिळतात. डोळे तेवढे उघडे ठेव, बाकी तुझं तू बघ."

सल्ला शहाणपणाचा होता, म्हणूनच तिचं डोकं फिरलं. "आखणी मी आधीच तपासते, मास्तर. हे मी माझं डोकं ठिकाणावर आणायला करते. मी काय चोरी करतेय?"

"बटणांवर टाकेल गं तो."

"टाकू दे."

म्हणाली खरी, पण बावीस वर्षं ती या टेबलाशी उभी होती. पातं सरळ रेषेत पुढे सरकलं की आजही तिला मनापासून आनंद व्हायचा.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या झग्यांचं काम होतं, पाचला गाडी येणार होती आणि दुसरा कापणारा नेमका रजेवर. डावीने हातमोजा चढवला, तळहात टेकवला, डोळे मिटले. मॅनेजर घड्याळ घेऊन शेजारीच उभा.

"बाई, उरका."

तिने पुढचा श्वास घेतला.

"ऐकू येत नाही का?"

तिने डोळे उघडले. "येतं. दहा झाले की कापते."

"सहा महिन्यांच्या नोंदींत तुमची एक चूक नाही. मग ही नाटकं कशाला?"

"चूक का नाही, ते विचारलंत कधी? पात्याशेजारी माझी बोटं असतात, साहेब. डोकं जागेवर नसताना मी सुरी चालवत नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

"मग बटणांवर जा."

तिने हातमोजा काढून टेबलावर ठेवला. शिलाई यंत्रं एकेक करत थांबली. मॅनेजरने मास्तरांकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," मास्तर म्हणाले, "मला मोतीबिंदू आहे."

मॅनेजर कापणीची परीक्षा पास झालेला होता. त्याने हातमोजा चढवला, यंत्र सुरू केलं. पातं खडूच्या रेषेशी आलं आणि तिथेच थरथरत राहिलं. कपाळावर घाम, एक डोळा घड्याळावर, श्वास घशातच अडकलेला. डावीने तो श्वास लगेच ओळखला. तिला त्याची दया आली, पण ती जागची हलली नाही.

त्याने यंत्र बंद केलं. हातमोजा तिच्यापुढे धरला.

"सात झाले होते तुमचे," तो खाली बघत म्हणाला. "मोजत होतो मी. उरलेले तीन घ्या आणि कापा."

डावीने हातमोजा चढवला, तळहात कापडावर टेकवला.

"तुमच्यापायी मन पळालं, साहेब," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले. "आता पुन्हा एकपासून."